वांगी पोचली, राजीनामा राहिला

माझ्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. घरातले सगळे कागद त्यात असतात. रेशनकार्ड, सातबारा, गॅसचं पुस्तक, विहिरीवरच्या मोटरचं गॅरंटी कार्ड. ती मोटर कधीच जळाली, नवी बसवली, पण कार्ड मी टाकलं नाही. कागद टाकवत नाही मला. मी शाळेत गेले नाही, वाचायला शिकले ते अमडापूरच्या बाजारात, भाजी बांधायच्या रद्दीवर. मिरच्या बांधायच्या आधी कागद सुलटा करायचा, एक ओळ लावायची, मग पुडी बांधायची. गिऱ्हाईक ओरडायचं, "बाई, मिरच्या देतं का पेपर वाचतं?" असं करत करत वाचायला आलं, मग मोडकंतोडकं लिहायलाही आलं.

तर कागदाचा मान मला आहे. पण भीतीही आहे, आणि ही गोष्ट त्या भीतीचीच आहे. आमच्या घरी कागद आला तो नेहमी काहीतरी बिनसल्यावरच. बांधाच्या वादात चुलतदिराची नोटीस आली तो कागद. वीज कापायची म्हणून आला तो कागद. ज्याच्याशी बोलणं आहे, त्याला कोणी कागद देत नाही. तोंड फिरवलं की कागद सुरू होतो, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यापायी मी माझ्या सुनेचं केवढं नुकसान करून बसले, ते सांगते.

सून माझी रक्त तपासणारी. लग्न होऊन आली तेव्हाच तिचा लॅबचा कोर्स झालेला होता. दोन वर्षं घरी बसली, वांगी तोडली, मेथीच्या जुड्या बांधल्या, पण तिचं मन काही त्यात नव्हतं. मला दिसायचं ते. जुडी बांधताना माझ्या हाताची शीर पाहायची आणि म्हणायची, "आत्याबाई, तुमची शीर किती मस्त दिसते वो. पहिल्याच टोचणीत भेटन." आता सासूची शीर पाहून खूश होणारी सून कोणाला मिळते सांगा! मीच मग मुलाच्या मागे लागले, की पोरीला नोकरी करू दे.

चिखलीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला घेतलं. डॉक्टर म्हातारे, ओळखीचे. आमच्या पंचक्रोशीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातची औषधं पिऊन मोठी झाली. अक्षय तृतीयेनंतर ती रुजू झाली. पहिल्याच दिवशी घरी येऊन म्हणाली, "सहा महिने प्रोबेशन हाय."

"हे काय असते वं?"

"पारखून पाहतात. काम बरं वाटलं तर पक्कं करतात. तवापर्यंत जास्त सुट्टी भेटत नाही."

"म्हणजे नव्या नवरीसारखं," मी म्हटलं. "भाकर मोडली तरी दहा जणी पाहतात."

"तुम्ही तर माझी भाकर पाह्यलीच नाही, आत्याबाई. खाऊन घेतली."

असं आमचं चालायचं. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. गावातल्या बाया तिला ओट्यावर गाठून रिपोर्ट दाखवायच्या. लहान लेकरांचं रक्त काढायला डॉक्टर तिलाच बोलवायचे, म्हणे हात हलका आहे. चेहरा उजळला होता पोरीचा. मला उगाच वाटायचं, की हे मी केलं.

घट बसायच्या आधीची साफसफाई निघाली. आमच्या माळ्यावर पितळेची भांडी असतात, वर्षातून एकदा खाली येतात. सून म्हणाली होती, "रविवारी मी काढते, तुम्ही हात लावू नका." रविवार दोन दिवसांवर. पण मला कुठला दम निघतो! अंगणात पाण्याचं रिकामं टिपाड, मोठं पिंप, होतं. ते घरात आणलं, पालथं घातलं आणि वर चढले. एक परात काढली, दुसरी काढली, आणि टिपाड सरकलं. परात खणखणत गेली ओसरीपर्यंत, आणि मी खाली. घोट्याचं हाड मोडलं. दोन महिने पाय खाली टेकवायचा नाही, असं सांगितलं.

घरात बाई म्हणून आम्ही दोघीच. आमचे हे आणि मुलगा मळ्यात. मला उठवणार कोण, न्हाणीत नेणार कोण? सुनेनं दवाखान्यात फोन करून विचारलं. प्रोबेशनमध्ये तीन दिवसांच्या वर सुट्टी नाही, असं तिथल्या ऑफिसातून सांगितलं. मी म्हटलं, "शेजारणीला सांगू आपण, माझी बहीण येईल." ती म्हणाली, "बहिणीचे गुडघे कोण धरन?" चौथ्या दिवशी सकाळी तिनं टेबलाशी बसून राजीनामा लिहिला. पाच मिनिटांचं काम. पण ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत होती, काढत होती.

इंग्रजीत लिहिला होता. मला म्हणाली, "मामाजी उद्या भाजी घेऊन चिखलीला जाऊन राह्यले ना? त्यांच्यापाशी देते. ऑफिसात द्यायचा आणि एका प्रतीवर शिक्का मारून आणायचा." तिनं दोन प्रती पाकिटात घातल्या आणि आमच्या ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या. मग माझ्यासाठी पाणी तापवायला गेली.

आता खरं ते सांगते. खाटेवर पडल्या पडल्या मला ते पाकीट दिसत होतं, खुंटीवरच्या सदऱ्यातून डोकावणारं. आणि मला लाज वाटत होती. ज्या डॉक्टरनं आपल्या पोरीला काम दिलं, ज्यानं माझ्या मुलाची कावीळ बरी केली, त्याच्या हातात कागद द्यायचा? नोटिशीसारखा? मी ह्यांना बोलावलं.

"हे पाकीट काढा इकडे."

"काऊन?"

"देऊ नका ते. डॉक्टरसाहेबांच्या घरी जा, हात जोडा, तोंडानं सांगा. कागदावर सांगायले ते काय आपले दुश्मन हाय का? आन रिकाम्या हाती जाऊ नका, वांगे घेऊन जा. आपले हिरवे, भरताचे."

"सुनबाईनं शिक्का आणाले सांगतला हाय."

"शिक्का मारून कुठं न्यायचा हाय? मानसानं मानसाले सांगतलं की झालं."

चाळीस वर्षांत त्यांनी माझं ऐकलंच जास्त. पाकीट माझ्या हातात दिलं आणि ते मी डब्यात टाकलं, मोटरच्या गॅरंटी कार्डाखाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चिखलीहून परत आले. सुनेनं विचारलं, "दिलं का मामाजी?" ते म्हणाले, "हाव, भेटलो डॉक्टरांले. लय चांगलं बोलले." तिनं शिक्क्याचं विचारलं, तर मीच मधे पडले, "अगं, तिथं कुठं कोणाले वेळ असते, देतील मागाहून." ती पुन्हा कामाला लागली. मला बरं वाटलं. आता त्या बरं वाटण्याचीच मला लाज वाटते.

दोन महिने तिनं माझं सगळं केलं. वर्णन करत नाही. ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे आणि ज्यांचं झालं त्यांनाही.

मी चालायला लागले. घरातलं पुन्हा सुरू झालं. पुढचा उन्हाळा आला तेव्हा खामगावच्या एका मोठ्या लॅबची जाहिरात तिनं मोबाईलवर पाहिली. माणसं घ्यायची होती, पण अनुभव असलेलीच. आधीच्या ठिकाणचा दाखला पाहिजे, आणि तो मुलाखतीलाच दाखवायचा. मुलाखत गुरुवारी. ती सोमवारी चिखलीला गेली. जाताना म्हणाली, "चार महिने एकोणीस दिवस भरले माझे. प्रोबेशनमध्ये सोडलं तरी जेवढं केलं तेवढ्याचा दाखला भेटतो. मी इचारलं हाय."

दुपारीच परत आली. चप्पल काढली, हातपाय धुतले, आत गेली आणि पीठ मळायला बसली. स्वयंपाकाची वेळ नव्हती ती. मी मागे गेले.

"काय झालं वं?"

"नाई भेटला."

"काऊन?"

"ऑफिसात नवी मॅडम आली हाय. तिनं रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढे लिहेल हाय, न सांगता गैरहजर." तिनं पिठावर एक बुक्की मारली. "राजीनामा आलाच नाही म्हणे. मी म्हटलं, माझ्या मामाजीनं स्वतः दिला. ती म्हणते, आवक रजिस्टरात नोंद दाखवा. नोंद नाही आत्याबाई! मी भांडून आली तिच्याशी. तुमच्याच ऑफिसानं हरवला म्हटलं, चार लोकांसमोर."

मला डब्यातलं पाकीट आठवलं.

"आन खामगाववाल्यांनी तिथं फोन करून इचारलं तर?" ती म्हणाली. "दाखला नाही ते एक. पण ही बाई काम टाकून पळून गेली, असं सांगतील. मंग मले कोण घेईन? एकदा असं नावापुढं लागलं का लॅबमध्ये कोणी उभं करत नाही."

आमचे हे तेवढ्यात दारात आले होते. तिनं त्यांनाच विचारलं, "मामाजी, कोणाच्या हाती दिलं होतं पाकीट? ऑफिसात का डॉक्टरांपाशी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते काही बोलले नसते, मला माहीत आहे. त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली असती आणि आम्ही तिघंही खोटं घेऊन बसलो असतो.

मी आत गेले आणि डबा आणला. गॅरंटी कार्डाखालून पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं, पिठाच्या परातीशेजारी. तिच्या हाताला पीठ होतं, म्हणून मीच उघडून दाखवलं.

"मी देऊ देला नाही," मी म्हटलं. "तोंडानं सांगा म्हटलं. वांगे पाठवले."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या कागदाकडे पाहत राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी त्या मॅडमले खोटारडी म्हटलं, आत्याबाई."

त्यानंतर तिनं पोळ्या केल्या. चार वाजता, कोणाला भूक नसताना, बावीस पोळ्या.

संध्याकाळी आमच्या ह्यांनी एक तोडगा काढला. बाजारात एक जण कॉम्प्युटरवर काहीही छापून देतो, म्हणाले. लेटरहेड, शिक्का, सगळं. "साडेचार महिन्याचा कायले, वर्षाचा घेऊ." ते वाईट माणूस नाहीत. सुनेचं तोंड पाहवत नव्हतं त्यांना.

सुनेनं मान वर केली. "मामाजी, उद्या कोणाचं हिमोग्लोबिन आठ भरलं आणि मी बारा लिहून देलं, तर?"

"तसं कसं चालन?"

"मंग हे कसं चालन?"

विषय मिटला. मी तिला म्हटलं, "उद्या मी येते तुझ्यासंगं. माझ्या तोंडानं सांगते." ती म्हणाली, "तोंडानंच तर झालं सगळं." पण सकाळी तिनं माझी काठी दाराशी काढून ठेवली होती. मी मळ्याकडे पाहून म्हटलं, थोडे वांगे घेऊ का, तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी मुकाट एसटीत चढले. मांडीवर डबा. ती पुढच्या बाकावर बसली. चिखलीला उतरताना मात्र तिनं माझा हात धरला, कारण पायरी उंच होती.

ऑफिसातली मॅडम म्हणजे तिशीतली बारीकशी मुलगी, चष्मा, टेबल एकदम साफ. सुनेला पाहून तिचा चेहरा बंद झाला. मी काही बोलायच्या आत सूनच म्हणाली, "मॅडम, काल मी तुम्हाले बोलली ते चुकलं माझं. राजीनामा तुमच्याकडे आलाच नव्हता. माफ करा."

मॅडमनं चष्मा काढला. असं कोणी येऊन म्हणत नसावं तिला. "बसा आजी," ती मला म्हणाली.

मी डबा उघडला, कागद दिला आणि सगळं सांगितलं. टिपाडापासून. मॅडमनं मधे तोडलं नाही. शेवटी कागद उलटापालटा करून पाहिला. "तारीख बरोबर आहे. सहीसुद्धा आहे. पण आजी, हा घेऊन मी मागच्या तारखेचा शिक्का मारू शकत नाही. ते खोटं होईल."

"तुम्ही खोटं नका करू माय. पोरीच्या नावापुढे जे लिहेल हाय ते खोटं हाय, तेवढं पुसा."

"मी पुसू शकत नाही. सरांना विचारावं लागेल. तुमच्या मिस्टरांनी सरांना नक्की सांगितलं होतं ना, राजीनामा म्हणून?"

"हाव. घरी जाऊन सांगतलं."

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. पेशंटची रांग संपेपर्यंत बाकावर बसलो. डॉक्टरांनी मला पाहिलं आणि आधी पायाचंच विचारलं. चालून दाखवा म्हणाले. मी चालून दाखवलं. मग मॅडमनं विषय काढला, तर डॉक्टर गोंधळले.

"राजीनामा? मला कोणी राजीनाम्याचं बोललं नाही. वांगी आली होती, हे आठवतं. आमच्या घरी भरीत झालं होतं, छान होती. पण तुमचे मालक म्हणाले की सुनबाईचं जरा घरी अडलं आहे, सांभाळून घ्या. मी म्हटलं घेऊ सांभाळून. मी तिची दीड महिना वाट पाहिली बाई! लहान मुलांचं रक्त घ्यायला कोणी नव्हतं. मग दुसरी मुलगी घेतली आणि हिचं नाव तसं लिहायला सांगितलं." ते सुनेकडे पाहत म्हणाले, "मला वाईट वाटलं होतं ग. मला वाटलं, न सांगता गेलीस."

"मला वाटलं, तुम्ही रागावले म्हणून मला फोन नाही केला," सून म्हणाली.

दोघांनाही एकमेकांचं वाईट वाटत होतं आणि मधे मी होते, डबा घेऊन. मी म्हटलं, फोन लावा आमच्या ह्यांना. सुनेनं लावला आणि आवाज मोठा केला. ते मळ्यात होते, मागून मोटरचा आवाज.

"डॉक्टरसाहेबांले काय सांगतलं होतं तुम्ही, त्या दिवशी?" मी विचारलं.

"सांगतलं ना. म्हातारीचा पाय मोडला, सुनबाईचं अडलं, सांभाळून घ्या म्हटलं."

"नोकरी सोडली, असं म्हटलं का नाही?"

"असं कसं म्हणाव? त्यायनं मले बसाले खुर्ची देली, चहा देला. चहा पेता पेता तुमची नोकरी सोडली म्हणून कसं सांगाव मानसाच्या तोंडावर? मले वाटलं, समजून घेतीन बाप्पा."

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मॅडम हसली नाही. ती मला म्हणाली, "आजी, जे समोर बसून बोलवत नाही ना, त्यासाठीच तर कागद असतो."

ऐंशी-नव्वद वेळा तरी हे वाक्य मी नंतर मनात म्हटलं असेल. मी आयुष्यभर उलटं समजत होते. मला वाटायचं कागद म्हणजे तोंड फिरवणं. आणि इथं कागद दिला असता, तर आमच्या ह्यांना चहा पिताना अवघड झालं नसतं आणि डॉक्टरांनी दीड महिना वाट पाहिली नसती.

मॅडमनं रस्ता काढला. सुनेचा राजीनामा आजच्या तारखेनं आवक करायचा, त्यावरची तारीख आहे तीच राहू द्यायची. उशीर का झाला, ते ज्याच्यामुळे झाला त्यानं लिहून द्यायचं. डॉक्टरांनी त्यावर शेरा मारायचा.

"ज्याच्यामुळे झाला ते मी," मी म्हटलं.

"आजी, मी लिहून देते, तुम्ही अंगठा..."

"येते मले लिहिता."

तिनं कोरा कागद पुढे केला. मी भाजीचा हिशोब सोडला तर आयुष्यात कोणाला काही लिहून दिलं नव्हतं. सून बाजूला उभी होती, पण तिनं एक अक्षर सांगितलं नाही. मी लिहिलं, की मी हिची सासू आहे, माझा पाय मोडला म्हणून हिनं नोकरी सोडली, राजीनामा हिनं वेळेवर लिहून दिला होता आणि तो मी डब्यात ठेवला, पोचू दिला नाही. चूक माझी आहे, हिची नाही. हिला गैरहजर लिहू नये. त्या दिवशी राजीनाम्याऐवजी अडीच किलो वांगी दिली होती.

मॅडमनं वाचलं. "वांग्यांचं नको लिहायला आजी."

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "तोच तर पुरावा आहे. मी खाल्ली आहेत."

मी खाली सही केली. मॅडमनं शिक्का मारला, नंबर टाकला. खट् असा आवाज झाला त्याचा. मग रजिस्टर काढून तिनं 'न सांगता गैरहजर' वर लाल शाईनं एक रेघ ओढली, बाजूला 'राजीनामा' लिहिलं आणि डॉक्टरांची सही घेतली. जुनं लिहिलेलं रेघेखाली दिसत होतं. मी म्हटलं, पूर्ण खोडा की. ती म्हणाली, "नाही आजी, काय होतं ते दिसलं पाहिजे, आणि ते चुकीचं होतं हेही." मला ते आवडलं नाही, पण पटलं.

दाखला छापून आला. सुनेनं हातात घेतला आणि तिथंच उभी राहून मला मराठीत वाचून दाखवला. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, चार महिने एकोणीस दिवस, प्रोबेशनवर काम केलं, घरगुती कारणानं राजीनामा दिला, वागणूक चांगली. डॉक्टरांनी तो परत मागून घेतला, वाचला आणि मॅडमला म्हणाले, "एक ओळ घाला. लहान मुलांचे रक्तनमुने घेण्यात विशेष हातखंडा आहे." पुन्हा छापला. पहिला कागद मी मागितला, डब्यात ठेवायला. मॅडमनं दिला नाही, फाडला.

परत येताना एसटीत सून खिडकीशी बसली. अमडापूर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "आत्याबाई, अडीच किलो कशावरून? त्या दिवशी तर तुम्ही खाटेवर होत्या."

"अंदाजानं लिहिलं."

"म्हणजे कागदावर खोटं लिहिलं तुम्ही?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती. सोमवारपासून पहिल्यांदा.

गुरुवारी खामगावलाही मी गेले. ती नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. बाहेर बाकावर बसले. आत तिला विचारलेलं मला ऐकू येत होतं, दार अर्धं उघडं होतं. लॅबचे साहेब म्हणाले, "चारच महिने? प्रोबेशनसुद्धा पूर्ण नाही केलं?"

"सासूबाईंचा पाय मोडला होता, सर. दोन महिने त्यांना उभं राहता येत नव्हतं. सुट्टी मिळाली नाही, म्हणून सोडली."

"आता कशा आहेत?"

"बाहेर बसल्यात."

साहेब खरंच उठले आणि दारातून डोकावले. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मी उगाचच उभी राहून दाखवलं. त्यांनी आत जाऊन दाखला पुन्हा वाचला असावा, कारण मग विचारलं, "लहान मुलांचं घेता?" आणि कोणाच्या तरी रडणाऱ्या लेकराला आत नेलं. थोड्या वेळानं रडणं थांबलं. मला काही दिसलं नाही, पण तेवढं ऐकून मी काठी भिंतीला टेकवली आणि निवांत बसले.

आठ दिवसांनी तिला नेमणुकीचं पत्र आलं. मी डबा आणला, तर तिनं पत्र छातीशी धरलं. "या डब्यात नाही हो आत्याबाई. इथं गेलेला कागद बाहेर येत नाही." तिनं स्वतःसाठी एक निळी फाईल आणली होती. पत्र त्यात गेलं, दाखलाही त्यात. मी लिहून दिलेल्या त्या कागदाची शिक्का मारलेली प्रत मात्र तिनं मला दिली. ती आता माझ्या डब्यात सगळ्यात वर असते. मोटरचं कार्ड त्याच दिवशी मी चुलीत घातलं.

पत्रात काय आहे ते तिनं वाचून दाखवलं. पगार, वेळ, आणि सहा महिने प्रोबेशन.

"पुन्हा?" मी म्हटलं.

"पुन्हा. आणि सुट्टी नाही."

ती रुजू व्हायची त्या सकाळी मी उठून अंगणात आले. ज्याच्यावर मी चढले होते, तेच टिपाड ओसरीच्या कोपऱ्यात उभं होतं. गळ्यापर्यंत पाण्यानं भरलेलं. मळ्यातून पाईप लावून पहाटेच भरलं असणार. सून वेणी घालत दारात आली.

"हे कायले भरलं वं? नळ तर कालच आला होता."

"हलवून पाहा," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी ढकललं. हललं नाही.

"सहा महिने हे रिकामं करायचं नाही," ती म्हणाली, आणि फाईल काखेत घेऊन एसटीच्या मागे पळाली.